लंडनचा काउन्सिल फ्लॅट देऊन लेस्टरचं घर: पैसे देऊ नका, सामान हलवू नका, आधी त्यांचा करार मागा

ताई, बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते. पूर्व लंडनमध्ये काउन्सिलचा (म्हणजे तिथल्या पालिकेचा) दोन बेडरूमचा भाड्याचा फ्लॅट, तिसरा मजला, लिफ्ट नाही, २०१५ पासून तुमच्या आणि मिस्टरांच्या दोघांच्या नावावर. मुलगी दहाची, मुलगा सातचा, दोघं एकाच खोलीत. बहीण लेस्टरला. तिथलंच एक पन्नाशीचं जोडपं हाउसिंग असोसिएशनच्या (काउन्सिलसारखीच कमी भाड्याने घरं देणारी संस्था) तीन बेडरूमच्या घरात राहतंय, मुलं बाहेर पडलीत, आणि त्यांना लंडनला लेकीजवळ यायचंय. होमस्वॅपर ह्या घरं बदलण्याच्या वेबसाइटवर गाठ पडली, तुम्ही जाऊन घर बघून आलात, मागे बाग आहे, किचन नवं आहे, जीव तिथेच अडकलाय. आता ते काका म्हणतायत की कार्पेट आणि मागची शेड मिळून दोन हजार पाउंड द्या, आणि कागदपत्रांना फार वेळ लागतो तर आपण पुढच्या वीकेंडलाच सामान हलवून टाकू, सह्या मागून होतील. यात काही धोका आहे का, असं तुम्ही विचारलंय.

धोका आहे, आणि दोन्ही गोष्टींत आहे, आणि इतका मोठा की दोन्ही कुटुंबांची घरं जाऊ शकतात. मी १९ वर्षं इंग्लंडात हाउसिंगमध्ये काम करते, आधी काउन्सिलकडे होते, आता असोसिएशनकडे, आणि म्युच्युअल एक्सचेंजच्या, म्हणजे दोन भाडेकरूंनी आपसात घर बदलण्याच्या, फाइली खूप बघितल्यात. जिथे घोळ झाला तिथे बहुतेक वेळा हेच दोन मुद्दे होते.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे, कारण तुमचा अख्खा मेसेज बाग आणि किचनबद्दल आहे. नुसतं घर बदलून मिळत नाही, टेनन्सी, म्हणजे भाडेकरू म्हणून असलेला करार आणि हक्क, बदलून मिळते. डीड ऑफ असाइनमेंट नावाचा कागद होतो, त्यात त्यांच्या जुन्या कराराला तुमचं नाव लागतं आणि तुमच्या जुन्या कराराला त्यांचं. नवीन करार कोणी करून देत नाही. त्यांचं भाडं, त्यांच्या अटी, त्यांच्या टेनन्सीचा प्रकार, त्यांनी भिंत पाडून केलेली उघडी किचन, सगळं तसंच्या तसं तुमच्या गळ्यात. जुन्या काळी साटंलोटं करायचे तेव्हा पोरगी बघायच्या आधी घराणं बघायचे ना, तसं इथे किचन बघायच्या आधी त्यांचा टेनन्सी अ‍ॅग्रीमेंट बघायचा. तुम्ही तो मागितलात का? बहुतेक नाही. कोणीच मागत नाही.

आता तुमच्या केसमध्ये काय काय बदलतं बघू.

भाडं पहिलं. लंडन महाग आणि लेस्टर स्वस्त म्हणजे भाडं कमीच असणार असं तुम्ही धरून चाललाय. तसं असेलच असं नाही. सोशल हाउसिंगमध्ये, म्हणजे काउन्सिल आणि असोसिएशनच्या घरांत, दोन प्रकारचं भाडं चालतं. एक सोशल रेंट, ते सरकारी फॉर्म्युल्याने ठरतं आणि बऱ्यापैकी कमी असतं, तुमचं काउन्सिलचं जुनं भाडं बहुधा तेच असेल. दुसरं २०११ नंतर आलेलं अफोर्डेबल रेंट, नाव अफोर्डेबल पण बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, आणि हाउसिंग असोसिएशनच्या नव्या किंवा नव्याने भाड्याने दिलेल्या घरांना हे असण्याची शक्यता असते. त्यात तीन बेडरूमचं घर. असाइनमेंटने अदलाबदल झाली की ते ज्या भाड्यावर आहेत त्याच भाड्यावर तुम्ही जाता, मी सोशल रेंटवरून आले होते हो असं मागून म्हणून उपयोग नाही. म्हणून त्यांच्याकडून शेवटचं भाडेवाढीचं पत्र मागा, दरवर्षी येतं ते, त्यात भाडं किती, सर्व्हिस चार्ज किती, सगळं असतं. तोंडी आकड्यावर विश्वास ठेवू नका, लोक खोटं बोलतात असं नाही पण कित्येकांना स्वतःचं पूर्ण भाडं माहीतच नसतं कारण ते युनिव्हर्सल क्रेडिट ह्या सरकारी मदतीतून परस्पर जातं.

युनिव्हर्सल क्रेडिटचं निघालंच आहे तर हेही, कारण लंडन सोडणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. बेनिफिट कॅप, म्हणजे एका कुटुंबाला मिळणाऱ्या सरकारी मदतीची कमाल मर्यादा, लंडनमध्ये वेगळी आणि लंडनबाहेर वेगळी आहे. २०२३ पासून कुटुंबाला ग्रेटर लंडनमध्ये वर्षाला २५,३२३ पाउंड आणि बाहेर २२,०२०. मिस्टर वेअरहाउसमध्ये कामाला आहेत असं तुम्ही लिहिलंय, कमाई ठरावीक रकमेच्या वर असली की कॅप लागत नाही, त्यामुळे आज तुम्हाला काही फरक पडत नसेल. पण लेस्टरला जाऊन नोकरी गेली तर? आधीचे १२ महिने सलग तेवढी कमाई असेल तर ९ महिन्यांची सवलत मिळते, त्यानंतर कॅप लागते. म्हणजे मिस्टरांच्या कामाचं आधी बघा, कंपनीचं तिकडे डेपो असेल तर बदली मागा, मग घराचं.

दुसरं, टेनन्सीचा प्रकार. तुमची काउन्सिलची सिक्युअर टेनन्सी, त्यांची असोसिएशनची अश्युअर्ड. दोन्ही आजन्म असतील तर राहण्याच्या दृष्टीने फार बिघडत नाही, पण राइट टू बाय, म्हणजे राहतं घर काउन्सिलकडून सवलतीत विकत घेण्याचा हक्क, जातं. लोक ह्यावर खूप हळहळतात. मी एवढंच म्हणेन की तुम्ही पुढच्या चारपाच वर्षांत खरंच फ्लॅट विकत घेणार होतात का ते एकमेकांना विचारा. २१ नोव्हेंबर २०२४ पासून डिस्काउंटची कमाल मर्यादा भागाप्रमाणे १६,००० ते ३८,००० पाउंडवर आणून ठेवली आहे, लंडनच्या किमतीत तेवढ्याने काय होतंय. असोसिएशनच्या काही घरांना राइट टू अ‍ॅक्वायर हा तसाच खरेदीचा हक्क असतो, त्याचं डिस्काउंट ९,००० ते १६,०००, पण सगळ्या घरांना नसतं, विचारून घ्या.

आता त्यांची टेनन्सी आजन्म नसून पाच वर्षांची वगैरे फिक्स्ड टर्म असेल तर प्रकरण वेगळं, आणि हे नीट वाचा. १ एप्रिल २०१२ च्या आधीपासून आजन्म टेनन्सी असलेला भाडेकरू जेव्हा फिक्स्ड टर्मवाल्याशी बदल करतो तेव्हा त्याचं संरक्षण जाऊ नये म्हणून लोकॅलिझम अ‍ॅक्ट २०११ मध्ये सोय केली आहे, दोघं आपापली टेनन्सी सोडतात आणि नवीन टेनन्सी दिली जाते. पण त्यात तारीख महत्त्वाची आणि तुमची टेनन्सी २०१५ ची आहे, म्हणजे ते कवच तुम्हाला नाही. तेव्हा फिक्स्ड टर्म निघाली तर माझ्या मते सरळ नाही म्हणा. बाग कितीही छान असो. (अफोर्डेबल रेंटवरच्या घरांनाही हे कवच नसतं, २०१२ च्या आधीची टेनन्सी असलेल्यांनी लक्षात ठेवा.)

वारसाहक्काचंही असंच सोबत येतं. कोणाला टेनन्सी आईवडलांच्या किंवा नवऱ्याच्या मागे मिळाली असेल तर घर बदलल्याने ती वारसाने आल्याची नोंद पुसली जात नाही. तुमच्या केसमध्ये हा प्रश्न नाही म्हणून पुढे जाते.

आता परवानगी. दोन्हीकडच्या लँडलॉर्डची, म्हणजे तुमच्या काउन्सिलची आणि त्यांच्या असोसिएशनची, लेखी परवानगी लागते. तुम्हाला हा हक्क हाउसिंग अ‍ॅक्ट १९८५ च्या कलम ९२ ने दिलाय, त्या काकांना त्यांच्या करारातून मिळतो. माझे मामा झेडपीत शिक्षक होते, त्यांच्या आपसी बदलीची आठवण येते मला नेहमी, दोघांचे अर्ज, दोन्हीकडची मंजुरी, आणि एकाने ऐनवेळी पाय मागे घेतला की दुसऱ्याचंही बोंबललं. अगदी तस्संच. सही होईपर्यंत कोणीही मागे फिरू शकतं, कारण द्यायचीही गरज नाही, त्यामुळे सही व्हायच्या आत नोकरीचा राजीनामा आणि शाळेतून नाव काढणं हे दोन्ही करू नका.

अर्ज मिळाल्यापासून ४२ दिवसांत तुमच्या काउन्सिलला उत्तर द्यावंच लागतं. नकार द्यायचा तर कायद्याच्या शेड्यूल ३ मध्ये जी कारणं दिलीत त्यातलंच द्यावं लागतं, कोणतं आणि का ते लिहून. आम्हाला योग्य वाटत नाही, असं चालत नाही. ४२ दिवस उलटून गेले तर त्या कारणांवर नकार देण्याचा त्यांचा हक्क जातो, पण इथे लोक एक चूक करतात, त्यांना वाटतं उत्तर नाही आलं म्हणजे आपोआप परवानगी. इंग्लंडात तसं नाही. परवानगीचा कागद लागतोच, नाही दिला तर तक्रार, मग हाउसिंग ओम्बड्समन (लँडलॉर्डविरुद्धच्या तक्रारी बघणारं स्वतंत्र कार्यालय) किंवा काउंटी कोर्ट. (स्कॉटलंडचा कायदा वेगळा, तिथे मुदत एक महिन्याची आणि उत्तर नाही आलं तर संमती धरतात. ग्लासगोवाल्या ताईंनी मागे विचारलं होतं म्हणून लिहिलं.)

तुमच्या बाबतीत नकाराची शक्यता किती? मला तरी कमी वाटते. मुलगी दहाची झाली, भाऊबहीण वेगवेगळे, म्हणजे बेडरूमच्या नियमाने तुम्हाला तीन खोल्या लागतातच. दोघंही दहाच्या आत असती तर दोघांना एकच खोली धरली असती, आणि दोघी मुली किंवा दोघं मुलगे असते तर सोळापर्यंत एकच. अडलं तर त्या जोडप्याचं अडेल, कारण दोन माणसं आणि तुमचा दोन बेडरूमचा फ्लॅट, म्हणजे एक खोली जास्त. कायद्यातलं कारण आहे गरजेपेक्षा घर बरंच मोठं असणं, आणि एका जादा खोलीला बरंच मोठं म्हणायचं का हे प्रत्येक लँडलॉर्ड आपल्या पॉलिसीप्रमाणे ठरवतो, बरेच जण एक खोली चालवून घेतात. तुमच्या काउन्सिलची पॉलिसी वेबसाइटवर असते, ती आधी वाचा, फोन नंतर.

आणि ते काका इतकी घाई का करतायत ह्याचा माझा अंदाज सांगू? त्यांना घरभाड्याची सरकारी मदत मिळत असेल तर बेडरूम टॅक्स, म्हणजे जादा खोलीपायी मदतीत होणारी कपात, बसत असणार. एप्रिल २०१३ पासून एक खोली जास्त असली तर मदतीतून भाड्याच्या १४ टक्के कापतात, दोन किंवा जास्त असल्या तर २५ टक्के, पेन्शनच्या वयाचे सुटतात. दोघंच राहतात, तीन बेडरूम, म्हणजे २५ टक्के. तुमच्याकडे आले की १४. म्हणजे तुम्हाला जितकी गरज आहे तितकीच त्यांनाही आहे. हे लक्षात घेऊन बोला, तुम्ही उपकार घेत नाही आहात.

मग ते दोन हजार पाउंड. मुंबईत पागडी म्हणतो तेच हे, फक्त कार्पेट अंथरून. कलम ९२ च्या अदलाबदलीत कोणी कोणाला पैसे दिले घेतले तर तेवढ्यावर लँडलॉर्ड कोर्टात जाऊन घर परत मागू शकतो, त्याच कायद्यात शेड्यूल २ चा ग्राउंड ६ म्हणून लिहिलेलं आहे, आणि देणारा घेणारा दोघंही त्यात येतात. कोर्ट दरवेळी घर काढून घेतंच असं नाही, ते परिस्थिती बघतात, पण तुम्हाला दोन लेकरं घेऊन ती परीक्षा द्यायची आहे का? वापरलेल्या कार्पेटचे वाजवी पैसे दिले तर चालतं असं सांगणारे भेटतील. मी म्हणते एक पेनीही नको. काय ठेवणार आणि काय नेणार, कार्पेट, पडदे, कुकर (म्हणजे शेगडी), शेड, ह्याची यादी करा, दोघांनी सही करा, त्यात रकमेचा कॉलमच नको. आणि कार्पेट काढून नेतो म्हणाले तर म्हणा न्या, सेकंडहँड कार्पेट मिळतं.

आधी सामान हलवायचं, सह्या मागून. ह्यावर एकच किस्सा सांगते. स्विंडनकडचं एक गोवेकर कुटुंब होतं, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली भली माणसं, समोरच्याशी छान जमलं म्हणून व्हॅन केली आणि चाव्यांची अदलाबदल करून मोकळे झाले. तीन आठवड्यांनी कळलं की समोरच्याच्या डोक्यावर भाड्याच्या थकबाकीपायी पझेशन ऑर्डर (घर खाली करण्याचा कोर्टाचा आदेश) होती, म्हणजे त्याला परवानगी मिळणं जवळपास अशक्य. आता कागदावर हे जिथे राहतात तिथे ह्यांचा काही हक्क नाही, आणि जिथे हक्क आहे तिथे दुसराच माणूस बसलाय आणि दार उघडत नाही. आणि आपल्या घरात आपण राहत नाही म्हटल्यावर सिक्युअर टेनन्सीचं संरक्षणच निघून जातं. परत आपल्या घरात यायला त्यांना पाच महिने लागले, तेही नशीब म्हणून. समोरचा लबाड नव्हता, त्याला वाटलं होतं गुपचूप निभावेल.

थकबाकीचा विषय तुमच्याकडूनही तपासून घ्या. थोडं भाडं थकलं असेल तर काउन्सिल तेवढ्यावर नाही म्हणू शकत नाही पण आधी भरा मग जा अशी अट घालू शकते. नोटीस किंवा कोर्टाची ऑर्डर असेल तर मात्र नकाराचं कारण होतं. आणि जॉइंट टेनन्सी म्हणजे दोघांच्या सह्या, हे तुमच्याकडे सोपं आहे, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाचा नवरा सोडून गेलाय आणि नाव अजून करारावर आहे त्यांनी आधी ते नाव काढण्यासाठी वकिलाचा किंवा सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ह्या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेचा सल्ला घ्यावा, घाईत नोटीस देऊन टाकू नये, एकाने नोटीस दिली की अख्खी टेनन्सी संपू शकते.

आता घर परत एकदा बघायला जा. ह्यावेळी एकट्या नका जाऊ, बहिणीला न्या, आणि संध्याकाळी जा, शक्यतो शुक्रवारी, गल्ली कशी आहे ते तेव्हा कळतं. कपाट भिंतीपासून थोडं ओढून मागे बघायला मागा, ओल आणि बुरशी नेहमी तिथेच असते. एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली तर का ते विचारा. भिंत, नळ, दार, जे काही त्यांनी स्वतः बदललंय त्याची असोसिएशनची लेखी परवानगी आहे का विचारा, तुम्ही म्हणता ते नवं किचन असोसिएशनने बसवलंय की काकांनी? काकांनी बसवलं असेल तर ड्रॉवर निखळला की दुरुस्ती तुमच्या खिशातून, असोसिएशन हात वर करेल. छप्पर, भिंती, पाइप, हीटिंग हे मात्र लँडलॉर्डचंच काम राहतं, घर आहे तसं घेतलं अशी सही तुमच्याकडून घेतली तरी, आणि ओलीबुरशीसाठी २७ ऑक्टोबर २०२५ पासून आवाब्ज लॉ लागू आहे, रॉचडेलमध्ये बुरशीच्या घरात राहून दोन वर्षांचं लेकरू गेलं त्याच्या नावाचा, त्यात गंभीर धोक्याला २४ तासांत हलावं लागतं. पण रंगरंगोटी, दाराची फुटलेली काच, बागेतला कचरा हे सगळं जुन्या भाडेकरूने ठेवलं तसं तुम्हाला मिळतं. फोटो काढा. खूप काढा.

शेजाऱ्याची बेल वाजवा. लाजू नका. हाय, आम्ही इथे यायचा विचार करतोय, कसं आहे इथे, एवढंच. दोन मिनिटांत जे कळतं ते कुठल्याच फॉर्मवर कळत नाही. आणि एस्टेट, म्हणजे ती वसाहत, पाडून नवीन बांधायचा काही प्लॅन आहे का हे भाडेकरूला नाही तर लँडलॉर्डला ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी येतं. तुमच्या फ्लॅटबद्दलही ते हेच विचारतील, तेव्हा खरं सांगा, लिफ्ट नाही हे त्यांना माहीत आहे ना? पन्नाशीत तिसरा मजला चढायला ठीक, पण सहीच्या आदल्या दिवशी गुडघे आठवले तर तुमचंच नुकसान.

परवानगी आली की तारीख ठरते, बहुतेक ठिकाणी सोमवार, कारण भाड्याचा आठवडा तिथून सुरू होतो. दोन्हीकडे गॅस आणि वायरिंग तपासतात, त्याच्या अपॉइंटमेंट चुकवू नका, तारीख पुढे जाण्याचं मी बघितलेलं सगळ्यात फालतू कारण तेच आहे. मग सह्या, चाव्या, आणि एकाच दिवशी दोन व्हॅन एम-१ वर समोरासमोर. मीटरचे फोटो दोन्ही घरांचे. युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन जर्नलमध्ये पत्ता त्याच दिवशी बदला. व्हॅनचे पैसे जड जात असतील तर काउन्सिलकडे घर हलवण्याच्या खर्चासाठी मदतीचा अर्ज करून बघा (आधी ह्याला डिस्क्रिशनरी हाउसिंग पेमेंट म्हणायचे), हमी नाही, पण मिळालेलं बघितलंय.

मुलगी इयर सिक्समध्ये (प्रायमरीचं शेवटचं वर्ष) असेल तर सेकंडरीच्या अर्जाची मुदत ३१ ऑक्टोबर असते आणि अर्ज तुम्ही आज राहता त्या काउन्सिलमार्फत करायचा असतो, लेस्टरच्या शाळा टाकल्या तरी. मुलाचं सोपं, तिकडे गेल्यावर तिथल्या काउन्सिलकडे मधल्या वर्षाचा प्रवेश मागायचा.

आणि आज संध्याकाळी काकांना एवढंच लिहा, मराठीत देते, तुम्ही इंग्रजीत करा: "आम्हाला घर आवडलंय आणि आम्ही अर्ज करायला तयार आहोत. पैशांची देवाणघेवाण करता येत नाही, त्याने तुमचीही टेनन्सी धोक्यात येईल. तुमच्या टेनन्सी अ‍ॅग्रीमेंटचा आणि शेवटच्या भाडेवाढीच्या पत्राचा फोटो पाठवाल का, आम्ही आमचा पाठवतो. दोन्हीकडची परवानगी आली की त्याच आठवड्यात व्हॅन बुक करू." फोटो आला की त्यात टेनन्सीचा प्रकार आणि भाड्याचा प्रकार काय लिहिलाय तेवढे शब्द इथे टाका, नाव पत्ता झाकून, मी बघून सांगते.